आमवाताच्या पेशंटचा गुडघा बदलल्यावर घरची काळजी : कोकणातल्या घरांसाठी सविस्तर

गुडघा बदलायचं ऑपरेशन आता आपल्याकडे काही नवीन राहिलेलं नाही, प्रत्येक वाडीत एक तरी काकू असतातच ज्यांनी करून घेतलंय आणि त्या येऊन सांगतात की मी तर पंधरवड्यात बाजारात गेले होते. चांगलं आहे. पण त्या काकूंचा गुडघा वयाने झिजलेला होता, बाकी शरीर ठणठणीत. आमवात म्हणजे रुमेटॉइड आर्थरायटिस ज्याला आहे त्याचा गुडघा नवीन झाला तरी आजार अंगातच असतो. हाताची बोटं, मनगट, खांदे, मान, पायाचे पंजे सगळं तसंच दुखरं असतं, वर आजाराची औषधं जखम भरण्याच्या आणि इन्फेक्शनच्या मध्ये येतात. मी नर्स आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात अशा पेशंटच्या घरी जाते, आणि सगळीकडे एकच दिसतं की सगळं घर त्या एका गुडघ्याकडे बघत बसलेलं असतं आणि बाकीच्या माणसाकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय.

डिस्चार्जच्या आधी : औषधांचा कागद

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ऑपरेशन करणारे हाडांचे डॉक्टर वेगळे, आमवाताचे म्हणजे रूमॅटॉलॉजिस्ट वेगळे, ते कोल्हापूरला नाहीतर मुंबईला नाहीतर गोव्यात, आणि घरी आल्यावर ताप आला की गावातले डॉक्टर तिसरे. तिघांमध्ये बोलणं होत नाही, त्यामुळे कागद तुम्हीच करायचा. प्रत्येक आमवाताच्या गोळीपुढे लिहून घ्या : चालू, बंद, बंद असेल तर परत कधी आणि कुणाला विचारून.

साधारण पद्धत अशी आहे. मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, लेफ्लुनोमाइड ह्या जुन्या गोळ्या ऑपरेशनच्या वेळी बहुतेकांच्या चालूच ठेवतात. अमेरिकेतल्या रूमॅटॉलॉजिस्ट आणि सांधेरोपण सर्जन लोकांच्या संघटनांनी २०१७ ला मिळून जे नियम काढले आणि २०२२ ला सुधारले त्यात हेच आहे. बायोलॉजिक म्हणजे आमवाताची नव्या प्रकारची इंजेक्शनं, अडॅलिमुमॅब, एटानर्सेप्ट, रिटुक्सिमॅब वगैरे, ती मात्र आधी थांबवतात आणि जखम नीट भरतेय, टाके निघालेत, पू-पाणी काही नाही असं बघून मगच परत सुरू करतात, साधारण १४ दिवसांच्या आसपास. टोफासिटिनिबसारखी गोळी असेल तर ती पण ऑपरेशनच्या ३ दिवस आधी थांबवतात. तुमच्या पेशंटचं नेमकं काय ते तुमचे डॉक्टर सांगतील, पण हे माहीत असलं की प्रश्न तरी नीट विचारता येतो.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. हे मी प्रत्येक घरात दोनदा सांगते कारण घरी परत आल्यावर औषधं द्यायचं काम नव्या माणसाकडे जातं, मुंबईहून सून येते नाहीतर भाचा, आणि पाकीट बघून रोज एक देऊन टाकतात. रोज दिली तर रक्तातल्या पेशी धडाधड पडतात, तोंडात फोड येतात, माणूस जीवाला मुकू शकतो. कालनिर्णयवर त्या वाराला लाल गोल करा, पाकीट बाकीच्या गोळ्यांपासून वेगळं ठेवा. आणि ताप आलाय, जुलाब होतायत, जखमेतून पाणी येतंय असं असेल तर त्या आठवड्याचा डोस द्यायच्या आधी फोन करून विचारा.

अजून एक, फार कमी लोकांना माहीत असतं. ऑपरेशननंतर लघवीला जळजळ होणं कॉमन आहे, विशेषतः बायकांना, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी लागलेली असते ना. गावात दाखवलं तर को-ट्रायमॉक्साझोल ह्या अँटिबायोटिकची गोळी मिळू शकते. मेथोट्रेक्सेट चालू असताना ती गोळी चालत नाही, दोन्ही एकत्र आल्या की रक्तावर तोच वाईट परिणाम होतो. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य हेच : मेथोट्रेक्सेट चालू आहे.

स्टिरॉइड, म्हणजे प्रेडनिसोलोन. बरेच पेशंट वर्षानुवर्षं ५ मिलीग्रॅमवर असतात. कुणीतरी सांगतं स्टिरॉइड वाईट, आता नवीन गुडघा आला बंद कर. अजिबात नाही. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम बंद केली की शरीर स्वतःचं बनवायला तयार नसतं, बीपी उतरतं, उलट्या, गळून जाणं, चक्कर. कमी करायची ती डॉक्टरच हळूहळू करतात.

पेनकिलरचं थोडक्यात : दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत आतून पॅरासिटामॉलच असू शकतं, म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. आणि घरात पडलेली जुनी डायक्लोफेनॅक स्वतःहून देऊ नका, रक्त पातळ करायची गोळी आणि स्टिरॉइड चालू असताना पोटात रक्तस्राव व्हायची भीती असते.

घर आधी तयार करा

हे काम पेशंट हॉस्पिटलमध्ये असतानाच करायचं. आपली जुनी घरं म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या, मग ओटी, मग पडवी, मग माजघर, प्रत्येक दाराला उंबरठा आणि संडास-न्हाणीघर मागच्या पडवीच्या पलीकडे. पावसात त्या वाटेवर शेवाळ. नवीन गुडघ्याचा माणूस वॉकर घेऊन तिथून रात्री दोनला जाणार हे विसरूनच जा.

पेशंटचा पलंग पुढच्या खोलीत आणा, जिथून उंबरठा कमीत कमी ओलांडावा लागेल. कमोड चेअर भाड्याने मिळते, विकतही फार महाग नाही, तीच पहिले दीड-दोन महिने संडास. घरात कमोड असेल तरी तो बुटका असतो, वर रेझर म्हणजे उंच करायची सीट बसवा, बाजूला धरायला आडवा दांडा. तो दांडा मुठीने धरता येत नसेल तर कोपरापासून हात टेकवता येईल इतका रुंद घ्या किंवा त्याला कापड गुंडाळून जाड करा. बसायला हात असलेली, कडक, १८ इंच किंवा जास्त उंचीची खुर्ची. प्लास्टिकच्या एकसारख्या दोन खुर्च्या एकात एक घालून उंची वाढते, आमच्याकडे सगळे हेच करतात आणि चालतं पण, फक्त खालच्या पायांना रबरी बूच आहेत का बघा, गुळगुळीत लाद्यांवर ती मागे सरकते. पाटावर, चटईवर, खाटल्यावर बसणं बंद.

शेणाने सारवलेली जमीन असेल तर ती ओली असताना पेशंटला चालवू नका, आणि वॉकरचे पाय त्यात रुततात, तिथे फळी टाका. पायपुसणी, गोधडीचे तुकडे, चटया सगळं उचला. स्लीपर मागून पट्टा असलेली, कारण आमवातात पायाची बोटं वाकडी झालेली असतात आणि साधी चप्पल पायातून निसटते. लाइट जाणारच आहे, जूनमध्ये तर रात्र रात्र, म्हणून पलंगाच्या हाताशी चार्जिंगची बॅटरी हवी. बायोलॉजिक इंजेक्शन फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवायचं असतं, तेव्हा घरात साठा करून ठेवू नका, डोस जवळ आला की आणा. बर्फाच्या कप्प्यात तर कधीच नाही.

घाटातून घरी येताना

आंबा घाट असो, गगनबावडा असो, आंबोली असो, वळणावळणाने तीन-चार तास गाडीत पाय लोंबकळत ठेवून येणं गुडघ्यालाही वाईट आणि रक्ताची गाठ व्हायलाही. पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, थोडी कलती करा. बसवताना सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवा, आधी पाठमोरं बसवायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र फिरवून आत, पिशवीमुळे माणूस अलगद फिरतो. बसून झालं की पिशवी काढून घ्या, नाहीतर ब्रेक मारला की पेशंट पुढे. तासाभराने थांबा, उतरवून चार पावलं चालवा, गाडीत बसल्या बसल्या पावलं वरखाली करायला लावा.

आणि मान. जुन्या आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात, म्हणूनच भूल द्यायच्या आधी मानेचा एक्स-रे काढतात. डॉक्टरांनी मानेबद्दल काही सांगितलं असेल तर घाटात कॉलर लावा, झोपताना दोन-तीन उशांचा डोंगर करू नका. हातापायाला नव्याने मुंग्या, हातातलं निसटणं, लघवीवर ताबा न राहणं असं काही दिसलं तर ते गुडघ्याचं नाही, मानेचं असू शकतं, त्याच दिवशी दाखवा.

उठवणं, बसवणं आणि वॉकर

आपल्याकडे माणूस उठवायचा म्हणजे समोर उभं राहायचं, दोन्ही हात धरायचे आणि ओढायचं. एका घरी मुलगा आईला असाच उठवत होता, आणि आजी ओरडल्या, "बाबू, माझो खांदो ओढू नको, माका उठूक जमता." त्यांचं बरोबर होतं. आमवाताचे खांदे आणि मनगटं ओढायची नसतातच. त्याच आजींना खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकवलं, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे, चांगला पाय मागे, हाताचे पंजे न टेकवता दोन्ही कोपरांपासूनचे हात खुर्चीच्या हातांवर टेकवून "एक, दोन, तीन" म्हटलं, मी फक्त कमरेचा रुंद पट्टा मागून धरला होता. उठल्या.

पलंगावरून उठवताना आधी कडेला दोन-तीन मिनिटं बसू दे. आमवातात बऱ्याचदा मुळातच हिमोग्लोबिन कमी असतं, त्यात ऑपरेशनमध्ये रक्त गेलेलं, एकदम उभं केलं की डोळ्यापुढे अंधारी येते.

वॉकर हा मोठा विषय. साधा वॉकर म्हणजे सगळा भार मनगटांवर आणि मूठ घट्ट आवळून. ज्याची बोटं तिरकी झालीत, सकाळी मूठच मिटत नाही, त्याला ते जमत नाही आणि मग घरचे म्हणतात आई चालायचा कंटाळा करते. कंटाळा नाही हो, हात दुखतात. अशांसाठी कोपरापासूनचा हात टेकवता येईल असा वॉकर मिळतो, वर दोन गाद्या असतात, फिजिओथेरपिस्टला किंवा सर्जिकलच्या दुकानात फोरआर्म वॉकर म्हणून विचारा. रत्नागिरी-कुडाळला लगेच मिळाला नाही तर कोल्हापूर-मुंबईहून मागवतात, म्हणून ऑपरेशनच्या आधी बघा. तोपर्यंत साध्या वॉकरच्या मुठींना फोम किंवा जुना टॉवेल गुंडाळून वर चिकटपट्टी, मूठ जाड झाली की पकड सोपी.

पायऱ्या : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. घरचा माणूस चढताना मागे, उतरताना पुढे.

जखम

आमवात आणि स्टिरॉइड दोन्ही असलं की कातडी कागदासारखी पातळ होते. चिकटपट्टी खसकन ओढली की कातडी सोलून येते आणि नवीन जखम तयार. कातडी एका हाताने दाबून धरा, पट्टी कडेकडेने, आडवी, हळूहळू सोडवा. हॉस्पिटलने वॉटरप्रूफ ड्रेसिंग लावलं असेल तर ते सांगितल्या दिवसापर्यंत उघडून "जरा बघू" करायचं नाही. टाके किंवा पिना साधारण १२ ते १४ दिवसांनी निघतात, ह्या पेशंटचे कधी कधी मुद्दाम उशिरा काढतात. डॉक्टर हो म्हणेपर्यंत अंग पुसूनच घ्यायचं.

हळद, खोबरेल तेल, कसला पाला, कुठल्या बाबाची भस्म-विभूती, जखमेवर काही नाही. देवाचा अंगारा कपाळाला लावा, गुडघ्याला नको.

पावसाळ्यात ऑपरेशन झालं असेल तर दोन गोष्टी जास्तीच्या. कपडे वाळत नाहीत, दमट गाउन अंगावर राहिला की जांघेत, स्तनाखाली बुरशी येते आणि ती खाजवून फोड, फोडातून इन्फेक्शन. कपडे इस्त्री करून पूर्ण कोरडे करूनच घाला. दुसरं, आपल्याकडे लेप्टो आहे, म्हणजे उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप. शेताच्या, गोठ्याच्या, अंगणातल्या साचलेल्या पाण्यात ह्या माणसाने पाय घालायचा नाही, टाके निघाले तरी नाही, पायाच्या बोटांच्या बेचक्यात भेगा असतातच. गुरं बघायला दुसरं कुणीतरी जाऊ दे.

टाचा रोज बघा. झोपून झोपून टाच लाल होते, मग काळी. घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली की टाच अधांतरी राहते आणि गुडघा पण सरळ होतो. गुडघ्याखाली मात्र उशी ठेवायची नाही, कितीही बरं वाटत असलं तरी, तसाच वाकडा राहिला तर मग सरळ होता होत नाही.

व्यायाम कधी करायचा

कसा करायचा ते फिजिओ शिकवतात, निघताना मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या कारण गावात फिजिओ रोज येणार नाही. पावलं वरखाली, मांडी आवळून गुडघा गादीत दाबणं, टाच घसरवत गुडघा वाकवणं, पाय सरळ उचलणं, हे मुख्य. बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांच्या सुमारास ९० अंश वाकणं आणि पूर्ण सरळ होणं हे लक्ष्य देतात. मला विचाराल तर सरळ होण्याकडे जास्त बघा, त्याकडेच सगळे दुर्लक्ष करतात.

पण वेळ महत्त्वाची. आमवातात सकाळी तासभर, कधी जास्त, सगळे सांधे आखडलेले असतात. सकाळी सहाला उठवून "चला व्यायाम" केलं तर रडारडच होणार. आधी चहा-नाश्ता, गोळ्या, हात कोमट पाण्यात दहा मिनिटं, मग साधारण नऊ-दहाला व्यायाम, परत चारला, परत झोपायच्या आधी थोडा. कोमट पाणी हातांना, ऑपरेशनच्या गुडघ्याला शेक नाही. गुडघ्याला व्यायामानंतर बर्फ, पिशवीत घालून वर टॉवेल गुंडाळून, १५-२० मिनिटं. मासळीवाल्याकडचा बर्फ नको, घरचाच. थंडीने ज्यांची बोटं पांढरी-निळी पडतात त्यांना बर्फ आधी डॉक्टरांना विचारून.

थकवा हा पण आजाराचाच भाग आहे. एक दिवस जास्त चाललं आणि दुसऱ्या दिवशी आडवं, असं करण्यापेक्षा थोडं थोडं पाच वेळा.

दुखतंय, पण कसलं?

सगळ्यात अवघड प्रश्न हा. काही औषधं थांबवलेली असतात त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत आमवात उसळू शकतो. दोन्ही हातांची बोटं, दोन्ही मनगटं, दुसरा गुडघा सुजला, सकाळचा ताठरपणा वाढला, तर बहुतेक तो आमवात, रूमॅटॉलॉजिस्टना फोन करा. पण दुखणं फक्त ऑपरेशनच्याच गुडघ्यात, रोज कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, लाली पसरतेय, जखम ओली आहे, गुडघा गरम लागतोय, तर इन्फेक्शन समजूनच ऑपरेशनच्या डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा. ताप नाही म्हणून निवांत राहू नका, स्टिरॉइड आणि ह्या औषधांमुळे ताप दबून राहतो. १०० च्या वर गेला तरी कळवायचं.

आणि कृपा करून गावात कुणालाही त्या गुडघ्यात सुई घालून पाणी काढू देऊ नका. अँटिबायोटिकही परस्पर सुरू करू नका, कारण आधी गोळ्या पोटात गेल्या की मग सर्जनने काढलेल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाही आणि नेमकं औषध ठरवता येत नाही.

पोटरी एका बाजूची सुजली, दाबल्यावर दुखते, तर रक्ताची गाठ असू शकते, चोळायचं नाही, दाखवायचं. छातीत दुखलं, अचानक दम लागला, तर १०८, वाट बघायची नाही. रक्त पातळ करायचं इंजेक्शन किंवा गोळी जितके दिवस सांगितलीय तितके दिवस पूर्ण. पेशंटला स्वतःच्या बोटांनी सिरिंज दाबता येत नाही, तेव्हा घरातल्या एकाने शिकून घ्या नाहीतर उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारा. टोचल्यावर जागा चोळायची नाही.

खाणं

"आंबट दिलं की जखम चिघळते, मासे दिले की पू होतो" हे ऐकून लोक पेशंटला तीन आठवडे पेज आणि पापडावर ठेवतात. जखम भरायला प्रोटीन लागतं. बांगडा, तारली, पेडवे उत्तम, रस्सा करा, तळून नको. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अंडी, कुळथाची पिठी, मटकी, मसूर, दही. सुकी मासळी बेताची, मीठ फार, स्टिरॉइडवर आधीच बीपी आणि सूज वाढते. सोलकढी चालते, लिंबू-आवळा तर द्याच. पेनकिलरने शौचाला कडक होतं, पाणी भरपूर आणि रात्री इसबगोल.

हाडाच्या दुखण्यावर पुड्या विकणारे येतात, त्या घेऊ नका. अशा पुड्यांमध्ये लपवलेलं स्टिरॉइड अनेकदा सापडलेलं आहे, म्हणून तर दोन दिवसांत "गुण" येतो.

गणपतीत

चाकरमानी येणार, घर भरणार, सर्दी-खोकला घेऊन येणार. खोकणाऱ्याने पेशंटच्या खोलीत जायचं नाही, वाईट वाटलं तरी. आरतीला खुर्ची, नमस्कार बसूनच, जेवायला टेबल. आणि ह्या काकी-आज्या पाहुणे बघून स्वयंपाकघरात शिरतातच, मोदक वळायला बसतात, नारळ खवायला विळीवर तर अजिबात नाही. खुर्चीत बसून भाजी निवडू दे, हाताला तेवढाच व्यायाम.

खुबा बदलला असेल तर

वरचं बहुतेक सगळं तेच, पण निखळण्याची भीती असते. मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर कंबर ९० अंशापेक्षा जास्त वाकवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी. किती आठवडे ते सर्जन सांगतील.

पुढे

साधारण सहा आठवड्यांनी तपासणी आणि एक्स-रे असतो. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइडवाल्यांच्या रक्ताच्या आणि लिव्हरच्या टेस्ट ऑपरेशनच्या गडबडीत राहून जातात, त्या ह्याच वेळी करून घ्या, बायोलॉजिक परत सुरू झालं का तेही बघा. बसवलेल्या गुडघ्याचे स्टिकर फाइलमध्ये असतात, ते फेकू नका, पुढे कधी परत ऑपरेशन लागलं तर कुठला गुडघा, कुठला साइझ ते त्यावरूनच कळतं. दात किडला, पायाला कुरूप पिकलं, लघवीचं इन्फेक्शन झालं तर लगेच उपचार, तिथले जंतू रक्तातून नवीन सांध्यात जाऊन बसतात, वर्षांनी सुद्धा. दाताच्या डॉक्टरांना सांध्याबद्दल आणि आमवाताच्या औषधांबद्दल दोन्ही सांगा, आणि दात काढायचा असेल तर सर्जनला आधी एक फोन.